सहा दिवस, एकच उमेदवार : फ्रान्स, मार्च २०१७

१ मार्च २०१७, बुधवार. पॅरिसच्या दक्षिणेला पोर्त द व्हर्सायच्या मैदानात दरवर्षीचं कृषी प्रदर्शन भरलं होतं. राष्ट्राध्यक्ष व्हायची इच्छा असलेल्या माणसाने या प्रदर्शनात जायचं, गाईच्या पाठीवर हात फिरवायचा, चीज तोंडात टाकायचं आणि फोटो काढून घ्यायचे, हा तिथला जुना रिवाज. त्या सकाळी पाळी होती उजव्या पक्षाचे उमेदवार फ्रांस्वा फियों यांची. पत्रकार आले, शेतकरी संघटनांचे लोक आले, कॅमेरे लागले. फियों मात्र आलेच नाहीत. दौरा पुढे ढकलल्याचा निरोप तेवढा आला, कारण कुणी सांगेना.

कारण दुपारी फियोंनीच सांगितलं. पत्नीला संसदेच्या पैशातून बिनकामाचा पगार दिल्याच्या संशयावरून तपास न्यायाधीशांनी त्यांना १५ मार्चला बोलावलं होतं आणि त्या दिवशी त्यांच्यावर रीतसर ठपका ठेवला जाणार होता. फ्रेंच कायद्यात या पायरीला 'मीझ आं एक्झामें' म्हणतात. हे आरोपपत्र नव्हे आणि शिक्षा तर नव्हेच. पण संशयाला पुरेसा आधार आहे असं न्यायाधीशांना वाटल्याची ती अधिकृत नोंद असते. पाच आठवड्यांपूर्वी, २६ जानेवारीला, टीएफ-१ वाहिनीवर फियोंनी स्वतःच जाहीर केलं होतं की अशी वेळ आली तर मी उमेदवार राहणार नाही. आता वेळ आली होती, आणि ते म्हणत होते की ही माझी राजकीय हत्या आहे, मी माघार घेणार नाही.

मतदानाच्या पहिल्या फेरीला (तीतले पहिले दोघेच दुसऱ्या फेरीत जातात) त्रेपन्न दिवस उरले होते, उमेदवारीची मुदत संपायला सोळा. पुढचे सहा दिवस 'ले रेपुब्लिकें' या उजव्या पक्षाने आपलाच उमेदवार बदलण्याची धडपड केली, आणि ते त्याला जमलं नाही. फियों का हरले याचं उत्तर सगळे एका शब्दात देतात : घोटाळा. मला त्याहून जास्त रस वेगळ्या प्रश्नात आहे. हरणार हे दिसत असताना, हाताशी चांगला पर्याय असताना, दोन माजी पंतप्रधान, एक माजी राष्ट्राध्यक्ष आणि सिनेटचे अध्यक्ष असलेला पक्ष एका माणसाला बाजूला का करू शकला नाही?

दोन युरोंचा कौल

उत्तराचं मूळ नोव्हेंबर २०१६ मध्ये आहे. उमेदवार कोण यावरून या पक्षात पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली. १९९५ मध्ये तर जाक शिराक आणि एदुआर बालादूर हे एकाच पक्षाचे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले होते. हे कायमचं मिटवायला २०१६ मध्ये पक्षाने प्रथमच खुली प्रायमरी घेतली. मतदार यादीत नाव असलेल्या कुणीही यावं, दोन युरो द्यावेत, उजव्या आणि मध्यममार्गी मूल्यांशी आपण सहमत आहोत अशा कागदावर सही करावी आणि मत द्यावं. सदस्यत्वाची अट नाही.

त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, आलां ज्युपे. बोर्दोचे महापौर, १९९५ ते १९९७ मध्ये पंतप्रधान. जनमत चाचण्यांत ते वर्ष-दोन वर्षं पुढे होते. दुसरे माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी, पुन्हा परत येऊ पाहणारे. फियों तिसरे. सार्कोझींच्या हाताखाली २००७ ते २०१२ अशी पाच वर्षं पंतप्रधान राहिलेला, कमी बोलणारा, नीटनेटका माणूस. ऑगस्टमध्ये साब्ले-सुर-सार्त इथे त्यांनी एक वाक्य टाकलं होतं : जनरल द गोल यांच्यावर कधी असा ठपका ठेवला गेला असता, याची कुणी क्षणभर तरी कल्पना करू शकेल का? न्यायालयाच्या फेऱ्यांत अडकलेल्या सार्कोझींना मारलेला तो टोमणा होता. पुढे हेच वाक्य बूमरँगसारखं परत आलं.

२० नोव्हेंबरला सुमारे ४३ लाख लोक रांगा लावून आले. फियोंना ४४ टक्के, ज्युपेंना २८ टक्क्यांच्या वर आणि सार्कोझींना २० टक्क्यांच्या थोडी वर मतं मिळाली. आठवड्याने दुसरी फेरी झाली, तीत फियोंना ६६.५ टक्के. म्हणजे सुमारे २९ लाख माणसांनी खिशातले पैसे देऊन या एका माणसाला निवडलं. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हा आकडा विसरून चालणार नाही.

१ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा ओलांद यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं. १९५८ पासूनच्या पाचव्या प्रजासत्ताकात एकाच कार्यकाळानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. डावे विखुरलेले, अतिउजव्या मरीन ल पेन दुसऱ्या फेरीत हरणार असं सगळे धरून चाललेले. थोडक्यात, प्रायमरी जिंकली की एलिझे प्रासाद, म्हणजे राष्ट्राध्यक्षपद, जिंकलं, असा हिशेब. अडतीस वर्षांचे इमॅन्युएल मॅक्रॉन १६ नोव्हेंबरलाच मैदानात उतरले होते. पण पक्ष नाही, खासदार नाहीत, म्हणून त्यांच्याकडे उजव्यांनी फारसं लक्ष दिलं नाही.

बुधवारचं वर्तमानपत्र

'ल कानार आंशेने' हे दर बुधवारी निघणारं व्यंग्य साप्ताहिक. जाहिराती घेत नाही, पानं मोजकीच, आणि मंत्र्यांची झोप उडवण्यात पटाईत. २५ जानेवारी २०१७ च्या अंकात त्याने छापलं की फियोंच्या पत्नी पेनेलोप यांना संसदीय सहायक म्हणून सुमारे ५ लाख युरो पगार मिळाला, पण त्यांना संसदेत काम करताना कुणी पाहिलेलं नाही. पुढच्या अंकात रक्कम ८ लाखांच्या वर गेली. शिवाय एका साहित्यिक मासिकाकडून सुमारे १ लाख, आणि दोन मुलांना मिळालेले ८४ हजार.

बायकोला सहायक नेमणं तेव्हा बेकायदा नव्हतं, अनेक खासदार तसं करत. प्रश्न काम झालं की नाही हा होता. आणि इथे फियोंनी आपलं प्रकरण आपल्याच हाताने बिघडवलं. टीएफ-१ वरच्या त्या मुलाखतीत, कुणी न विचारता, ते बोलून गेले की मुलांनाही मी काम दिलं होतं, ती वकील आहेत म्हणून. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी तारखा लावून पाहिल्या : तेव्हा मुलं अजून शिकत होती. मग २ फेब्रुवारीला फ्रान्स-२ वाहिनीने २००७ सालची एक जुनी इंग्रजी मुलाखत दाखवली. तीत पेनेलोप शांतपणे सांगतात की मी कधी त्यांची सहायक वगैरे नव्हते.

हे प्रकरण इतकं का झोंबलं, ते फियोंच्या जाहीरनाम्याशेजारी ठेवलं की कळतं. सरकारी नोकऱ्यांत ५ लाखांची कपात, निवृत्तीचं वय ६५, आरोग्य विम्याचा खर्च आटोक्यात. त्याग करा, कंबर कसा, असं सांगणारा माणूस. त्याच माणसाच्या घरी संसदेच्या पैशातून बिनकामाचा पगार येत होता, असं लोकांना दिसलं. एखाद्या दिलखुलास, खर्चिक पुढाऱ्याला फ्रेंच मतदाराने कदाचित माफही केलं असतं. साधेपणाचा आव आणणाऱ्याला नाही केलं.

माझ्या मते खरी चूक मात्र २६ जानेवारीचीच. ठपका आला तर मी जाईन, हे वाक्य फियोंनी बहुधा तो येणार नाही या भरवशावर उच्चारलं. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. राजकीय निर्णय न्यायाधीशांच्या टेबलावर जाऊन पडला. आणि पक्षातल्या ज्यांना फियों नको होते, त्यांना हातपाय न हलवता वाट बघत बसायला निमित्त मिळालं. परस्पर काटा निघत असेल तर आपण कशाला हात घाला? ६ फेब्रुवारीला फियोंनी पत्रकार परिषद घेऊन चूक झाली म्हणत माफी मागितली, तेव्हा अडीच महिने हातात होते. बदल करायचा तर तोच काळ होता. कुणी उठलं नाही.

पुन्हा मार्च

१ मार्चला बांध फुटला. माजी मंत्री ब्रुनो ल मेर यांनी, दिलेला शब्द पाळायचा असतो असं म्हणत, त्याच दिवशी फियोंच्या प्रचारातल्या जबाबदारीचा राजीनामा दिला. मध्यममार्गी मित्रपक्ष यूडीआयने पाठिंबा स्थगित केला. दुसऱ्या दिवशी ज्युपेंच्या गोटातले, ल आव्हर बंदराचे महापौर एदुआर फिलिप बाहेर पडले. शुक्रवारी प्रवक्ते तिएरी सोलेर गेले आणि प्रचारप्रमुख पात्रिक स्तेफानिनी यांनीही राजीनाम्याचं पत्र लिहिलं. स्तेफानिनी म्हणजे शिराकांच्या काळापासून निवडणुका जुळवणारा जुना, मुरलेला माणूस. पत्रात त्यांनी उमेदवाराला सरळ सांगितलं की पहिल्याच फेरीत पराभव होण्याची शक्यता आता नाकारता येत नाही. वर्तमानपत्रं साथ सोडणाऱ्यांची मोजदाद करत होती. आठवडा संपता संपता तीनशेच्या आसपास लोकप्रतिनिधी गेले.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते आठवतं. पक्ष बी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचं नाव आधीच लिहून ठेवतो. मुख्य अर्ज बाद झाला तर 'डमी' उभा. तिथे असं काही नाही. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी पक्षाच्या नावावर नसतेच. उमेदवार स्वतः उभा राहतो, आणि त्याला हवे असतात पाचशे सूचक : महापौर, खासदार, प्रांतिक सदस्य असे निवडून आलेले लोक, किमान ३० जिल्ह्यांतले, एका जिल्ह्यातले दहा टक्क्यांहून जास्त नकोत. असा अधिकार असलेले देशभरात सुमारे ४२ हजार. २०१६ पासून नियम असा, की ही सही उमेदवाराच्या हातात न देता थेट निवडणुकीवर देखरेख करणाऱ्या संविधान परिषदेकडे पाठवायची. नावं आठवड्यातून दोनदा प्रसिद्ध होतात. एकाने एकालाच सही द्यायची, आणि एकदा दिलेली सही परत घेता येत नाही.

आता तारीख पाहा. परिषदेची पहिली यादी नेमकी १ मार्चला आली, आणि तीत फियोंनी पाचशेचा आकडा केव्हाच ओलांडला होता. ज्या महापौरांनी फेब्रुवारीत सही करून पाकीट टपालात टाकलं, ते मार्चमध्ये टीव्हीवर फियोंनी जावं म्हणून कितीही बोलले तरी त्यांची सही फियोंच्याच खात्यात. संविधानाच्या सातव्या कलमात उमेदवार मरण पावला किंवा असमर्थ ठरला तर निवडणूक पुढे ढकलायची सोय आहे. स्वतःच्या पक्षाला नकोसा झाला, यासाठी नाही. प्रायमरीच्या नियमांतही विजेत्याला हटवायचा रस्ता कुणी लिहून ठेवलेला नव्हता. लिहिताना तशी वेळ येईल असं कुणाच्या मनातही आलं नसणार.

एवढं असूनही फियों स्वतःहून बाजूला झाले असते तर वाट निघाली असती. त्यांना तसं करायला भाग पाडायचं तर पक्षाने एकमुखाने एक नाव पुढे करायला हवं होतं. खरी गोम इथे आहे.

ज्युपे हे उघड नाव. काही चाचण्यांत ते पहिल्या फेरीत पहिले येत होते. पण सार्कोझींच्या माणसांना ते चालत नव्हते, आणि त्याचं कारण मध्यममार्गी नेते फ्रांस्वा बायरू. २०१२ मध्ये बायरूंनी सार्कोझींऐवजी ओलांदना मत दिलं होतं. प्रायमरीत तेच बायरू ज्युपेंच्या पाठीशी होते. सार्कोझी समर्थक ते विसरले नव्हते. गंमत अशी की २२ फेब्रुवारीला बायरू मॅक्रॉनकडे गेले. म्हणजे ज्युपेंवरचा डाग तसाच राहिला, आणि त्या डागामुळे मिळणारी मध्यममार्गी मतं मात्र निघून गेली. दुसरं नाव फ्रांस्वा बारवां, त्र्वाचे महापौर, सार्कोझींच्या मर्जीतले. ते आले असते तर प्रायमरीत पाचातल्या चौघांनी नाकारलेले सार्कोझी मागच्या दाराने परत आल्यासारखं झालं असतं. ज्युपेंच्या लोकांना ते मान्य नव्हतं. आणि फियोंचे कट्टर समर्थक दोघांनाही विचारत होते : २९ लाख मतांच्या बदल्यात तुमच्या बंद खोलीतली किती मतं?

प्रायमरी आणली ती भांडण मिटवायला. तिने भांडण मिटवलं नाही, निकालावर कुलूप घातलं.

त्रोकादेरो

५ मार्चचा रविवार. आयफेल टॉवरच्या समोर, नदीपलीकडे त्रोकादेरोचा चौक आहे. फियोंनी तिथे सभा लावली. न्यायाधीशांविरुद्ध मोर्चा म्हणून आधी ती गाजली, टीका झाल्यावर पाठिंब्याची सभा म्हणवली गेली. जमवाजमवीत पुढे होती 'सांस कोम्यां', समलिंगी विवाहाविरोधातल्या आंदोलनातून निघालेली कॅथलिक संघटना. अशा लोकांना मोर्चे काढायची सवय असते, बसगाड्या ठरवायच्या कशा, झेंडे वाटायचे कसे, हे ठाऊक असतं. पाऊस होता, वारा होता. छत्र्या आणि तिरंगी झेंडे यांची गर्दी. आयोजकांनी दोन लाखांचा आकडा सांगितला. चौकात तेवढी माणसं मावतच नाहीत, त्याच्या पाव हिस्सासुद्धा मुश्किलीने, असं मोजणाऱ्यांनी दाखवून दिलं. पण त्या दिवशी आकड्याला महत्त्व नव्हतं. चौक भरलेला दिसला, पेनेलोप मंचावर आल्या, टाळ्या झाल्या.

भाषणात फियोंनी दोन चुका कबूल केल्या : पत्नीला आपल्याकडे कामाला ठेवलं ही एक, आणि तुम्हाला ते सांगताना चाचरलो ही दुसरी. मग पक्षाच्या नेत्यांना उद्देशून म्हणाले की आता तुम्ही तुमच्या मनाशी विचार करा. रात्री फ्रान्स-२ वर त्याहून स्पष्ट : मला उभं राहण्यापासून आज कुणीही रोखू शकत नाही. यात आढ्यता होती, पण विधान अक्षरशः खरं होतं. कायद्याने त्यांना रोखू शकेल असा कुणी नव्हताच.

सोमवारी सकाळी ज्युपेंनी बोर्दोत पत्रकारांना बोलावलं. एकदाचं सांगून टाकतो, मी उभा राहणार नाही, माझ्यासाठी उशीर झाला आहे. पक्षाचा गाभा कट्टर होत चालला आहे, असंही बोलले, आणि 'केवढी ही नासाडी' असा उद्गार काढला. त्यांची स्वतःची अडचणही होती. पॅरिस महापालिकेच्या बोगस नेमणुकांच्या प्रकरणात २००४ मध्ये ते दोषी ठरले होते. एका बिनकामाच्या पगाराच्या प्रकरणातून सुटायला दुसऱ्यात शिक्षा झालेला माणूस आणायचा, हे ल पेन यांनी किती गोड मानून घेतलं असतं! सार्कोझींनी त्याच दिवशी आपण, फियों आणि ज्युपे अशा तिघांनी एकत्र बसून सन्मानाचा मार्ग काढू असं निवेदन काढलं. संध्याकाळी पक्षाच्या राजकीय समितीची बैठक झाली आणि फियोंना पाठिंब्याचा ठराव एकमताने झाला. बुधवारी सुरू झालेलं बंड सोमवारी संपलं. यूडीआयही काही दिवसांनी परतली.

ठपका १५ ऐवजी १४ मार्चलाच ठेवला गेला. त्याच सुमारास एका जुन्या परिचिताने भेट दिलेल्या महागड्या सुटांची बातमी आली. लोकांना ती पगारापेक्षाही जास्त लक्षात राहिली. लाखो युरोंची कल्पना करता येत नाही, सुटाची येते.

हिशेब

१७ मार्चला सूचकांची यादी बंद झाली. फियोंच्या नावावर ३,६३५ सह्या, अकरा उमेदवारांत सर्वांत जास्त. आणि त्याच यादीत आणखी एक ओळ आहे : आलां ज्युपे, ३१३. उभ्या न राहिलेल्या माणसासाठी तीनशे तेरा लोकप्रतिनिधींनी पाकीट टपालात टाकलं होतं.

२३ एप्रिलला मॅक्रॉन २४.०१ टक्के, ल पेन २१.३०, फियों २०.०१, डावे मेलांशों १९.५८. दुसऱ्या फेरीपासून फियों साडेचार लाखांच्या वर थोड्या मतांनी दूर राहिले. 'वाईट उमेदवार, वाईट पराभव' हे सोपं वाक्य मला इथे अडतं. इतकं सगळं होऊन, खटल्याची टांगती तलवार डोक्यावर असताना, बहात्तर लाख लोकांनी या माणसाला मत दिलं. म्हणजे ती निवडणूक उजव्यांचीच होती हा डिसेंबरमधला अंदाज मुळात चुकीचा नव्हता. ज्युपे उभे असते तर जिंकलेच असते, असं मी म्हणणार नाही. मार्चमधल्या चाचण्या मार्चपुरत्याच. पण दुसऱ्या फेरीचं दार अगदी हाताला लागत होतं.

फियोंना २०२० मध्ये शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली, आणि जून २०२५ मध्ये अखेर चार वर्षांची निलंबित कैद, ३ लाख ७५ हजार युरो दंड आणि पाच वर्षांची निवडणूकबंदी यावर येऊन थांबली. खासदारांनी जवळच्या नातेवाइकांना सहायक नेमण्यावर सप्टेंबर २०१७ च्या कायद्याने बंदी आली. पक्षाचं काय झालं, ते एका आकड्यात कळतं : २०२२ मध्ये त्याच्या उमेदवार व्हालेरी पेक्रेस यांना ४.७८ टक्के मतं पडली. पाच टक्क्यांच्या खाली गेलं की प्रचारखर्चाची मोठी सरकारी परतफेड हातची जाते.

२०२७ च्या निवडणुकीकडे बघताना मला हे जुनं प्रकरण वारंवार आठवतं, कारण माणसं तीच आहेत. २ मार्चला फियोंची साथ सोडणारे एदुआर फिलिप अडीच महिन्यांनी मॅक्रॉनचे पंतप्रधान झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी पुढच्या लढतीसाठी स्वतःचं नाव जाहीर केलं. त्या आठवड्यात फियोंच्या बाजूला शेवटपर्यंत उभे राहिलेले त्यांचे प्रचार समन्वयक ब्रुनो रतायो मे २०२५ मध्ये ७४ टक्के मतांनी पक्षाध्यक्ष झाले. एकाच मतदारावर दोघांचा डोळा आहे.

आणि पलीकडे ल पेन. युरोपीय संसदेच्या सहायकांच्या पगाराच्या प्रकरणात, म्हणजे पुन्हा सहायकांचेच पगार, ३१ मार्च २०२५ ला त्यांना शिक्षा झाली आणि पाच वर्षांची निवडणूकबंदी तत्काळ लागू झाली. अपिलाच्या तारखा जानेवारी २०२६ पासूनच्या पडल्या. त्यांनी मात्र थांबून पाहिलं नाही. मला बंदी कायम राहिली तर जॉर्दां बार्देला उभे राहतील, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, निकालाच्या कितीतरी आधी. त्यांच्या पक्षात प्रायमरी नसते.